डेकर्ड माणूस की रेप्लिकंट? 'ब्लेड रनर'चा फोर-के संच घेण्याआधी

दिग्दर्शक रिडली स्कॉट यांचा 'ब्लेड रनर' हा विज्ञानपट विकत घ्यायचा म्हणजे नेमकं काय घ्यायचं, हे आधी ठरवावं लागतं. एकाच नावाखाली अनेक आवृत्त्या फिरतात. नायक रिक डेकर्ड पळालेल्या रेप्लिकंटांना, म्हणजे कारखान्यात घडवलेल्या जिवांना, शोधून मारतो. तो स्वतः माणूस आहे की तोही रेप्लिकंट, याचं उत्तर कोणती आवृत्ती लावता त्यावर ठरतं. नट तेच, संवाद जवळपास तेच, शेवटी सापडणारी कागदाची घडीही तीच. पण १९८२च्या प्रतीत त्या घडीचा अर्थ एक निघतो आणि २००७च्या प्रतीत दुसराच. त्यामुळे या संचाबद्दल लिहिताना चित्र किती स्वच्छ दिसतं एवढं सांगून भागत नाही. तुमच्या घरच्या पडद्यावर ती शंका जिवंत राहते का, हा खरा प्रश्न आहे. बहुतेक घरांत ती टीव्हीच्या सेटिंगमध्येच मारली जाते.

वॉर्नरने सप्टेंबर २०१७मध्ये काढलेल्या अमेरिकी संचात चार डिस्क येतात. फोर-केवर २००७चा 'फायनल कट', तोच चित्रपट साध्या ब्लू-रेवर, जुन्या तीन आवृत्त्यांची एक ब्लू-रे आणि 'डेंजरस डेज' हा साडेतीन तासांचा निर्मितीपट डीव्हीडीवर. जुन्या तीन आवृत्त्या म्हणजे १९८२ची अमेरिकेत लागलेली, १९८२चीच अमेरिकेबाहेर लागलेली आणि १९९२चा 'डायरेक्टर्स कट'. दिसायला सारख्याच पण आत फक्त फायनल कट असलेल्या प्रतीही विकल्या जातात. या विषयासाठी घेत असाल तर त्या घेऊ नका. ऑनलाइन मागवताना मुखपृष्ठाचा फोटो पाहून पैसे भरण्याऐवजी मागच्या बाजूची यादी वाचा आणि 'थिएट्रिकल' व 'डायरेक्टर्स कट' हे शब्द दिसल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता मुद्द्याची गोष्ट: आवृत्त्यांत फरक कुठे आहे?

१९८२च्या अमेरिकी आवृत्तीत डेकर्ड स्वतःच्या आवाजात निवेदन करतो. हे निवेदन कंटाळवाणं आहे म्हणून लोक त्याला नावं ठेवतात, पण त्याचा खरा परिणाम वेगळा आहे. माणूस आपल्या डोक्यातलं बोलून दाखवतो, तेव्हा आपण त्याच्या डोक्यात बसूनच गोष्ट पाहतो आणि तो माणूस नसेल अशी शंका मनाला शिवतही नाही. शिवाय शेवटी डेकर्ड आणि त्याचा जीव जडलेली रेप्लिकंट रेचल उजेडात, डोंगरदऱ्यांतून गाडीने निघून जातात आणि रेचलला मृत्यूची ठरलेली तारीखच नाही असं निवेदन सांगतं. हवेतून घेतलेली ती डोंगरांची दृश्यं स्टॅन्ली कुब्रिक यांच्या 'द शायनिंग'साठी चित्रित करून उरलेली होती. सगळी गाठ सोडवून हातात देणारा हा शेवट. या आवृत्तीत डेकर्ड माणूस आहे. अमेरिकेबाहेरची आवृत्ती म्हणजे हेच, फक्त मारामारी काही सेकंद जास्त.

१९९२च्या डायरेक्टर्स कटने निवेदन काढलं, सुखाचा शेवट कापला आणि एक छोटा तुकडा घातला. डेकर्ड पियानोपाशी बसलेला असताना पडद्यावर धुक्यातल्या रानातून एक शिंगाचा पांढरा घोडा, म्हणजे युनिकॉर्न, धावताना दिसतो. बस. कोणी काही बोलत नाही, पुढे उल्लेखही नाही. हा तुकडा स्कॉट यांच्या 'लेजंड'मधून उचलल्याचं अजूनही सांगितलं जातं. ते खरं नाही, तो याच चित्रपटासाठी घेतला होता.

एवढ्या तुकड्याने शेवट कसा फिरतो, ते नीट पाहण्यासारखं आहे. गॅफ नावाचा पोलीस चित्रपटभर कागदाच्या आणि काड्यांच्या आकृत्या करत असतो. आधी कोंबडी, मग काडीचा माणूस, शेवटी डेकर्डच्या दारात युनिकॉर्न. स्वप्नाचं दृश्य नसेल तर त्या घडीचा अर्थ इतकाच: गॅफ इथे येऊन गेला आणि रेचलला जिवंत सोडून गेला. स्वप्नाचं दृश्य असेल तर प्रश्न उभा राहतो की, डेकर्डच्या डोक्यातलं गॅफला कसं कळलं? इथे आधीचा एक प्रसंग आठवावा लागतो. डेकर्डने रेचलला तिच्याच लहानपणीची आठवण सांगितलेली असते: खिडकीबाहेरचं कोळ्याचं जाळं, त्यातलं अंडं फुटून बाहेर पडलेली शंभर पिल्लं आणि त्यांनी खाऊन टाकलेली आई. तिने कोणाला न सांगितलेली आठवण त्याला माहीत असते, कारण ती दुसऱ्या कोणाची तरी घेऊन तिच्यात भरलेली असते. मग डेकर्डचं स्वप्न गॅफला माहीत असेल, तर ते कुठून आलं? पटकथेने हा प्रश्न शब्दांत विचारलेला नाही. दोन प्रसंग तासाभराहून जास्त अंतराने दूर ठेवले आहेत आणि ते जोडायचं काम प्रेक्षकावर सोडलं आहे. विज्ञानपटात माणूसपणाबद्दलची शंका इतक्या थोड्या सामानात क्वचितच उभी राहिली असेल.

२००७चा फायनल कट पुढे जातो. इथे युनिकॉर्नचं दृश्य जास्त लांब आहे, आणि मध्ये मध्ये डेकर्डचा चेहरा येतो, डोळे उघडे. म्हणजे झोपेतलं स्वप्न म्हणून सोडून देण्याची सोय गेली. बाकी दुरुस्त्याही बऱ्याच आहेत. काचा फोडत पळणाऱ्या झोरा या रेप्लिकंटच्या जागी स्टंट करणाऱ्या बाईचा चेहरा स्पष्ट दिसायचा, तिथे झोराचं काम करणाऱ्या जोआना कॅसिडी यांचं डोकं बसवलं. सापवाल्याच्या प्रसंगात डेकर्डचे ओठ संवादाशी जुळत नव्हते, तिथे डेकर्ड झालेल्या हॅरिसन फोर्ड यांच्या मुलाचं तोंड चित्रित करून जोडलं. उडत्या गाड्या उचलणाऱ्या तारा पुसल्या. पळालेल्या रेप्लिकंटांचा म्होरक्या रॉय, त्याच्या हातून सुटलेलं कबुतर आधी निळ्या आकाशात उडायचं, ते आता रात्रीच्या आकाशात जातं.

पण एका दुरुस्तीबद्दल तक्रार आहे. पोलीस अधिकारी ब्रायंट डेकर्डला सांगतो की सहा रेप्लिकंट पळाले आणि विजेच्या कुंपणात एक भाजून मेला. उरले पाच. पडद्यावर येतात रॉय, प्रिस, झोरा आणि लिऑन, म्हणजे चार. ही खरं तर पटकथा बदलताना राहून गेलेली चूक होती, पण पंचवीस वर्षं प्रेक्षक त्या पाचव्याला शोधत राहिले आणि कित्येकांचं बोट डेकर्डकडे वळलं. फायनल कटमध्ये ब्रायंट म्हणतो, दोन मेले. हिशेब जुळला, आणि एक उत्तम फट बुजली. कारागिरी म्हणून दुरुस्ती बरोबर आहे, चित्रपट म्हणून तोटा आहे. आता शंकेचं सगळं ओझं त्या एका घोड्यावर येतं, आणि तो घोडा होकाराच्या बाजूला जरा जास्तच झुकतो. डेकर्ड रेप्लिकंटच आहे असं स्कॉट यांनी नंतर उघड सांगितलं. डेकर्ड माणूसच असायला हवा, असा फोर्ड यांचा आग्रह होता. दोघांचं मत बाजूला ठेवून पाहिलं तर काटा मधोमध ठेवणारी आवृत्ती १९९२ची आहे. ती फक्त ब्लू-रेवर आहे आणि चित्र फायनल कटइतकं उजळून निघालेलं नाही, तरीही संच घेण्याचं मोठं कारण तीच.

चित्राचं म्हणाल तर फोर-के डिस्क उत्तम आहे, आणि त्याला कारण आहे. २००७च्या जीर्णोद्धारात मूळ निगेटिव्ह फोर-केमध्ये स्कॅन केली होती आणि ६५ मिमीवर घेतलेले विशेष दृश्यांचे भाग आठ-केमध्ये. म्हणजे या डिस्कवरचा तपशील फुगवलेला नाही. रंगांसाठी एचडीआर१०, म्हणजे उजेड-अंधाराचा पल्ला वाढवणारं तंत्र, आहे, आवाज डॉल्बी ॲटमॉसमध्ये. प्लेस्टेशन ५चं किंवा एक्सबॉक्स सिरीज एक्सचं डिस्कवालं मॉडेल घरात असेल तर वेगळा प्लेअर घ्यायची गरज नाही. प्लेस्टेशन ४ प्रोच्या नावात प्रो असलं तरी तो फोर-के डिस्क वाचत नाही आणि सिरीज एसला डिस्कची खाचच नाही. यावर बरेच जण फसतात. एचडीएमआय केबल १८ जीबीपीएसची घ्या. पुण्यातल्या तपकीर गल्लीत मिळणाऱ्या स्वस्त केबलींवर 'फोर-के' छापलेलं असतं, पण एचडीआर लागताच चित्र काळं पडलं किंवा ठिपके उडाले तर दोष डिस्कचा नसतो. घेताना बदलून देण्याचं दुकानदाराकडून कबूल करून घ्या.

आता सेटिंग. यातला सगळ्यात नाजूक पुरावा डोळ्यांत आहे. छायालेखक जॉर्डन क्रोननवेथ यांनी रेप्लिकंटांच्या डोळ्यांच्या बाहुल्यांत लालसर सोनेरी चमक आणली. कॅमेऱ्यासमोर ४५ अंशांत अर्धपारदर्शक आरसा बसवायचा आणि त्यावरून मंद प्रकाश थेट भिंगाच्या रेषेत नटाच्या डोळ्यात सोडायचा. रेप्लिकंट घडवणाऱ्या टायरेलच्या दालनातल्या घुबडाच्या डोळ्यांत ही चमक ठसठशीत दिसते. डेकर्डच्या डोळ्यांत ती एकदाच, क्षणभर येते. लिऑन मेल्यानंतर रेचल डेकर्डच्या घरी असते. ती विचारते, मी पळून गेले तर माझ्या मागे येशील का? तो म्हणतो नाही, पण दुसरा कोणीतरी येईल. कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर आहे, तो मागे धूसर आहे, आणि त्या धूसर चेहऱ्यात दोन ठिपके चमकून जातात. लगेच पुढे तिचा प्रश्न येतो: (रेप्लिकंट ओळखायची) ती चाचणी तू स्वतः कधी दिली आहेस का? उत्तर मिळत नाही, तो झोपलेला असतो.

हा एक शॉट दिसला नाही तर फोर-केचे पैसे फुकट गेले. तो दिसावा म्हणून सर्वांत आधी टीव्हीचा पिक्चर मोड 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर'वर टाका. मोशन स्मूदिंग पूर्ण बंद करा, नाहीतर सेकंदाला २४ फ्रेमचा चित्रपट मालिकेसारखा गुळगुळीत होतो. नॉइज रिडक्शनही बंद हवं. या चित्रपटात पाऊस, धूर आणि फिल्मचा कण सतत आहे, टीव्ही त्यालाच खराबी समजून पुसतो आणि त्याबरोबर ते दोन ठिपकेही जातात. खोलीच्या उजेडानुसार चित्र बदलणारं सेन्सर बंद करा, कारण अंधारात तेच चित्र आणखी मंद करतं. मग तो प्रसंग लावून ब्राइटनेस एकेक घर वाढवत न्या. डेकर्डच्या मागचा अंधार राखाडी व्हायला लागला की एक घर मागे या. घुबडावरून सेटिंग करू नका, तिथली चमक कुठल्याही टीव्हीवर दिसते.

प्रोजेक्टरवाल्यांसाठी वेगळा सल्ला. फ्लॅटच्या पांढऱ्या भिंतीवर पाहणार असाल तर भिंतच काळा रंग खाते: पडद्यावरचा उजेड बाजूच्या भिंतींवरून, छतावरून परत येतो आणि रात्रीचं लॉस एंजेलिस धुरकट दिसतं. निदान पडद्याशेजारच्या दोन्ही भिंतींवर गडद चादर टांगा. घरगुती प्रोजेक्टरची उजेडाची ताकद एचडीआरला अनेकदा पुरत नाही आणि चित्र अंधारं पडतं. अशा वेळी हट्टाने फोर-के न लावता त्याच संचातली फायनल कटची ब्लू-रे लावा, चित्र जास्त भरीव दिसेल. चित्राची चौकट २.४० पट रुंद आहे, वरखाली काळ्या पट्ट्या येणारच. झूम करून त्या घालवल्या तर कडेचे चेहरे कापले जातात.

आवाजात एक अडचण आहे. व्हँजेलिस यांचं संगीत वाढत जातं आणि बोलणं पुटपुटल्यासारखं खाली राहतं. टीव्हीच्या स्पीकरवर ऐकत असाल तर प्लेअरमधून स्टिरिओ पीसीएम निवडा. मराठी सबटायटल नाहीत, इंग्रजी लावून ठेवा. गॅफची सिटीस्पीक ही जपानी, जर्मन, हंगेरियन अशा भाषांची मुद्दाम केलेली भेळ आहे. ती न कळणं अपेक्षितच आहे, त्यात काही चुकलं असं समजून मागे जाऊ नका.

माणूस ओळखायच्या यंत्राबद्दल थोडं जास्त सांगावंसं वाटतं, कारण चित्रपटाचा कणा तिथे आहे. व्हॉइट-काम्फ चाचणीत दया जागते का हे तपासणारे प्रश्न विचारतात आणि उत्तरापेक्षा देह पाहतात: चेहऱ्यावरची लाली, बाहुलीचं लहानमोठं होणं. सामान्य रेप्लिकंट वीस-तीस प्रश्नांत सापडतो, रेचलला शंभराहून जास्त लागतात. आपल्याकडे ही चाचणी दमयंतीने केव्हाच घेतली आहे. स्वयंवरात इंद्र, अग्नी, वरुण आणि यम हे चौघे नळाचं रूप घेऊन बसले, तेव्हा खरा नळ तिने ओळखला तो देहाच्या उणिवांवरून: ज्याला घाम येतो, ज्याच्या पापण्या लवतात, ज्याची माळ कोमेजते, ज्याची सावली पडते, तो माणूस. तिथे उणीव हीच खूण होती आणि खूण पक्की होती. 'ब्लेड रनर'मध्ये खूण फसवी होत जाते. घडवलेल्या जिवांना भीती वाटते, आठवणी असतात, चार वर्षांच्या आयुष्याचं दुःख असतं. आणि चाचणी घेणारा डेकर्ड मात्र चित्रपटभर सगळ्यांत थंड राहतो. ज्याने दया मोजायची, त्याच्यातच ती कमी दिसते. दुसऱ्यांदा पाहताना डोळ्यांची चमक सोडून फक्त हे पाहा: कोण कोणासाठी हळहळतं. रॉय शेवटी आपल्या मारेकऱ्याला हात धरून वर ओढतो.

मागवताना विभागाचं, म्हणजे कुठली डिस्क कुठल्या देशाच्या प्लेअरवर चालते याचं, गणित लक्षात ठेवा. फोर-के डिस्कला विभागाचं बंधन नसतं. ब्लू-रेसाठी भारत 'सी' विभागात आहे, अमेरिका 'ए'मध्ये, ब्रिटन 'बी'मध्ये. वॉर्नरच्या ब्लू-रे बहुधा सगळीकडे चालतात, तरी विक्रेत्याला विचारून घ्या. अडचण डीव्हीडीची आहे: अमेरिका एक नंबर, भारत पाच. इथे घेतलेला प्लेअर निर्मितीपटाची डीव्हीडी नाकारू शकतो. किमतीत सीमाशुल्क धरूनच हिशेब करा. जुन्या आवृत्त्यांच्या डिस्कवर सामाईक भाग एकदाच साठवून वेगळे तुकडे चालता चालता जोडले जातात. जुना प्लेअर अशा जोडावर क्षणभर अडखळला तर फर्मवेअर अपडेट करा. आणि पुण्याच्या पावसाळ्यात डिस्क उभ्या ठेवा, कपाटात सिलिका जेलची पुडी टाका. पुसताना मऊ कापड मधून कडेकडे सरळ न्या, गोल फिरवू नका.

सोसायटीच्या हॉलमध्ये दाखवायचा बेत असेल तर थांबा. डिस्क घरगुती पाहण्यासाठी असते, सार्वजनिक खेळाला हक्कधारकाची परवानगी लागते, तिकीट लावलं नाही तरीही. घरी चार माणसं जमवून पाहणार असाल तर क्रम असा ठेवा: आधी फायनल कट सलग, ११७ मिनिटं. मग चहा. मग जुन्या डिस्कवरून १९८२चे तीनच प्रसंग: ब्रायंटची आकडेमोड, पियानो, शेवट. चर्चा आपोआप सुरू होते.

जोडीला दुसरा चित्रपट हवा असेल तर जॉन कार्पेंटर यांचा 'द थिंग' घ्या. तोही अमेरिकेत २५ जून १९८२ला, 'ब्लेड रनर'च्याच दिवशी लागला. तिथे माणसाचं रूप घेणारा परका जीव ओळखायचा असतो आणि चाचणी रक्ताची आहे: प्रत्येकाचं रक्त वेगळ्या बशीत, तापवलेली तार त्यात बुडवायची, माणसाचं रक्त नुसतं चरचरतं. शेवटी बर्फात मॅकरेडी आणि चाइल्ड्स दोघेच उरतात. चाइल्ड्सच्या तोंडातून वाफ येत नाही म्हणून तो माणूस नाही, असा तर्क जुन्या व्हिडिओ टेपच्या काळापासून चालत आला. चांगल्या डिस्कवर पाहिलं की वाफ दिसते, फक्त त्याच्यावरचा प्रकाश वेगळ्या कोनातला असल्याने फिकट. 'एक्स माकिना' हा २०१४चा चित्रपटही याच विषयावर आहे. त्यात चाचणी घेणारा तरुण स्वतःचा हात ब्लेडने कापून आपण माणूस आहोत ना याची खात्री करतो. तो प्रसंग अप्रतिम आहे, पण शंका लगेच मिटते.

२००७चा पाच डिस्कचा जुना संच घरात असेल तर फोर-के आल्यावर तो विकू नका. पहिल्या चाचणी-खेळांची ११३ मिनिटांची वर्कप्रिंट, म्हणजे प्रदर्शनाआधीची कच्ची प्रत, नव्या संचात नाही, ती त्यात आहे. तिच्यात युनिकॉर्नचं स्वप्न नाही, डोंगरातला शेवटही नाही, आणि निवेदन फक्त रॉयच्या मृत्यूपाशी एकदा येतं.